रंजकापासून बारापर्यंत

ठासणीच्या बंदुकीचा चाप ओढला की बार लगेच होत नाही. आधी घोडा पडतो. त्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी समोरच्या पोलादी पात्यावर घासत खाली येते. त्या धक्क्याने पातं मागे सरतं आणि त्याच्याखाली झाकलेली रंजकाची वाटी उघडी पडते. ठिणग्या वाटीत पडतात, वाटीतली चिमूटभर दारू भुस्सकन पेटते, तिचा जाळ नळीच्या बाजूला पाडलेल्या बारीक भोकातून, म्हणजे बंदुकीच्या कानातून, आत शिरतो आणि मग कुठे आत ठासलेली दारू पेट घेते. हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात उरकतं. तरी नेम धरून उभ्या असलेल्या माणसाला ते टप्पे वेगवेगळे कळतात: आधी डोळ्यांसमोर भडका, मग खांद्याला धक्का. मधल्या त्या फटीत हात जरासा ढळला तरी गोळी भलतीकडे जाते.

या फटीवर प्रेम करणारी माणसं जगभर आहेत. एका मिनिटात कितीतरी गोळ्या झाडणाऱ्या बंदुका बाजारात मिळत असताना ती सुट्टीच्या दिवशी मैदानावर येतात, नळीत मोजून दारू ओततात, वर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी बसवतात, गजाने ठासतात, वाटीत रंजक घालतात आणि एक बार काढतात. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा शिपाई जिवाच्या भीतीने जे घाईघाईने करत होता, ते ही माणसं निवांतपणे करतात, आणि त्या निवांतपणामुळेच त्यांना आतली करामत दिसते.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं चिमुकलं गाव आहे. या छंदाची तिथली पंढरीच ती. १९३१ साली ओहायोतल्या पोर्ट्समथमध्ये जुन्या बंदुकांची एक स्पर्धा भरली आणि तिच्यातूनच १९३३ मध्ये ठासणीच्या रायफलवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पणजोबांच्या लांब नळीच्या रायफली तेव्हा घराघरांत भिंतीवर टांगलेल्या होत्या, पण त्या चालवण्याची रीत जाणणारे कमी होत चालले होते. आज त्या संघटनेचे मोठे मेळे फ्रेंडशिपला भरतात. १९५० मध्ये आणखी एक संस्था निघाली, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या शस्त्रांना वाहिलेली. तिचं व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ स्वतःचं मैदान आहे. तिथल्या सामन्यात गुण मोजत नाहीत. फळीवर मातीच्या चकत्या लावलेल्या असतात, संघातले सगळे एकदम ठासतात, झाडतात, पुन्हा ठासतात, आणि सगळ्या चकत्या आधी फोडणारा संघ जिंकतो.

जागतिक स्पर्धाही आहेत, १९७१ पासून. अर्ध्या तासात तेरा बार काढायचे आणि त्यांतले सर्वोत्तम दहा धरायचे, अशी त्यांची साधी रीत. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकीच्या एका प्रकाराला ‘तानेगाशिमा’ म्हणतात. याच नावाच्या जपानी बेटावर १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर पहिली तोड्याची बंदूक उतरली. जपानी कारागिरांनी तिची हुबेहूब नक्कल केली आणि पुढे त्या देशाचा इतिहासच बदलला. काही अभ्यासकांच्या मते त्या बंदुकीचं घराणं गोव्याच्या पोर्तुगीज शस्त्रशाळेपर्यंत जाऊन पोचतं. गोव्याच्या लोहारांच्या हाताला तेवढं कसब होतं, हे तर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनेच आपल्या राजाला कळवलं होतं.

आता ती ठिणगी. गारगोटी आपटली की ठिणगी गारगोटीतून उडते असं आपण धरून चालतो. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने ठिणग्या कागदावर पाडून विझू दिल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्याला काळे, चकचकीत, अगदी गोल मणी दिसले. ते पोलादाचे होते. गारगोटी पोलादाहून कठीण असल्याने ती त्याचे बारीक कीस खरवडते. कीस इतका बारीक असतो की घर्षणाने तापल्याबरोबर तो हवेत जळू लागतो, वितळतो आणि पडता पडता गोल होतो. म्हणजे चकमकीच्या बंदुकीत आधी लोखंड जळतं, मग दारू. दर बाराला त्या पात्याचा अंशभर खर्च होतो. जुन्या बंदुकीच्या पात्यावरचे उभे ओरखडे पाहिले तर ती किती वापरली गेली याचा अंदाज बांधता येतो.

दारूत तीनच गोष्टी: सोरा, कोळसा, गंधक. वजनाने सुमारे तीन चतुर्थांश सोरा, बाकीच्यात कोळसा जास्त आणि गंधक कमी. जळण म्हणजे कोळसा. गंधकामुळे ती लवकर पेट घेते. सोऱ्याच्या पोटात प्राणवायू असतो, म्हणून बंद नळीत, जिथे हवेचा रिघाव नाही, तिथेही दारू जळू शकते. स्वतःचा श्वास बरोबर घेऊन येणारी ही आग आहे. कोळसा कोणत्या लाकडाचा, यावर दारूचा स्वभाव ठरतो. वाळुंज आणि आल्डर यांच्या हलक्या, सच्छिद्र कोळशाला युरोपातल्या कारखान्यांत मान होता. स्वित्झर्लंडमधल्या ओबोन गावी १८५३ पासून काळी दारू बनते आहे आणि नेमबाज तिचं नाव आजही आदराने घेतात.

सोऱ्याचा सगळ्यात मोठा झरा मात्र आपल्या देशात होता. बिहारात गावांच्या जुन्या मातीतून नोनिया जातीचे लोक सोरा काढत आणि पाटण्याहून तो जहाजाने युरोपात जाई. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सरकारकडे सोऱ्याचा साठा पुरेसा नव्हता. सरकारने दारू बनवणाऱ्या द्यू पाँ घराण्यातल्या लामोत द्यू पाँ या तरुण रसायनतज्ज्ञाला गुपचूप इंग्लंडला धाडलं. त्याने हाती लागेल तेवढा भारतीय सोरा विकत घेतला. तो जहाजांत चढत असतानाच एका इंग्लिश जहाजावरून अमेरिकनांनी दक्षिणेकडच्या बंडखोरांचे दोन वकील उचलले, दोन्ही देशांत युद्धाची भाषा सुरू झाली आणि इंग्लंडने सोऱ्याची निर्यात रोखली. अमेरिकेने वकील सोडले, मगच सोरा सुटला. त्या युद्धाचे सामने आज व्हर्जिनियात पुन्हा रंगतात तेव्हा मला हटकून बिहारच्या त्या खारट मातीची आठवण येते.

पण तीन पदार्थ एकत्र केले की काम झालं, असं नाही. सगळी गंमत दाण्यात आहे. सुरुवातीच्या काळात दारू पिठासारखी भुकटी असे. ती गाड्यांच्या हिंदकळ्यांनी थरांत वेगळी होई आणि नळीत घट्ट बसली की जाळाला आत शिरायला वाट मिळत नसे. पुढे ती ओली करून, दाबून, तिचे दाणे पाडू लागले. दाण्यांमध्ये फटी असतात. जाळ त्या फटींतून पळत जातो आणि प्रत्येक दाणा बाहेरून आत जळू लागतो. म्हणून बारीक दाणा चटकन संपतो, जाड दाणा सावकाश. आज डब्यावर ‘एफ’ हे अक्षर जितके वेळा छापलेलं, तितके दाणे बारीक: चार एफ रंजकाला, तीन पिस्तुलांना आणि लहान रायफलींना, दोन मोठ्या बंदुकांना, आणि तोफेसाठी त्याहून जाड खडे.

जाड खडे का? छोट्या नळीतली गोळी हलकी, ती लगेच धावू लागते. तोफेचा जड गोळा हलायला वेळ घेतो. बारीक दारू तोफेत घातली तर गोळा जागचा हलण्याआधीच सगळा वायू तयार होऊन नळी फोडायला बघेल. अमेरिकन सैन्यातल्या टॉमस रॉडमनने १८६० च्या सुमारास यावर जो विचार केला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. साधा दाणा जळताना लहान होत जातो, म्हणजे त्याची जळणारी कातडी कमी होते आणि वायूही कमी सुटतो. आणि हे घडतं नेमकं त्या वेळी, जेव्हा गोळा पुढे सरकल्यामुळे त्याच्या मागची जागा वाढलेली असते आणि अधिक वायू हवा असतो. रॉडमनने मोठ्या दाण्याला आरपार भोकं पाडली. आता दाणा बाहेरून आकसतो, पण भोकं आतून रुंदावत जातात. जळणारा पृष्ठभाग शेवटपर्यंत टिकतो, किंबहुना वाढतोही. आग किती वेगाने जळावी हे एका भोकाच्या आकाराने ठरवायचं! आजच्या तोफांच्या धूररहित दारूच्या दाण्यांनाही भोकं असतात, ती याच विचाराची.

काळ्या दारूचा पांढरा, दाट धूर ही तर तिची ओळखच. १८७५ साली नोबल आणि एबल या दोघांनी बंद पोलादी भांड्यात दारू पेटवून नंतर काय उरतं ते तोललं. वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. तो पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घनच राहतो. नळीबाहेर पडला की तोच धूर, नळीत राहिला की तीच काजळी. जुन्या लढायांत दोन-चार फैरींनंतर शत्रू दिसेनासा होई तो यामुळे. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने धूररहित दारू सिद्ध केली आणि रणांगणावरून काळी दारू हळूहळू हद्दपार झाली. आपल्या दिवाळीत मात्र ती अजून आहे. बाणाच्या नळीत आणि फटाक्याच्या वातीत तीच जळते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटेचा तो ओळखीचा वास बराचसा तिचाच असतो.

नळीत उरलेले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. बंदूक तशीच ठेवली तर एका रात्रीत नळीत गंज धरतो. म्हणून मैदानावरून परतलेला प्रत्येक जण आधी पाणी तापवायला ठेवतो. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात, त्यामुळे नळी चक्क गरम पाण्याने धुवायची. पाणी पडलं की कुजक्या अंड्यासारखा भपकारा येतो, तो पोटॅशियम सल्फाइडपासून सुटणाऱ्या वायूचा. काळंकुट्ट पाणी चिंधीबरोबर बाहेर येतं, मग करडं, मग स्वच्छ. नळी तापलेली असल्याने आपोआप सुकते आणि शेवटी तेलाचा हात. आपल्या कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत. त्या बाळगणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. तिथला पाऊस आळशी माणसाची बंदूक शिल्लक ठेवत नाही.

बंदुकीकडून माणसं छोट्या तोफांकडे वळतात आणि इथे छंदाला वेगळाच रंग चढतो. कुणी १८४१ च्या सहा पौंडी मैदानी तोफेची एक षष्ठांश प्रतिकृती करतो, चाकाच्या आऱ्यांपर्यंत जशीच्या तशी. मूळ तोफेची नळी सुमारे ४०० किलोची. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही सहापट कमी झाल्या की वजन २१६ पटीने घटतं. ही नळी दोन किलोच्याही आत येते आणि पावणेतीन किलोचा गोळा तेरा ग्रॅमचा होतो. टेबलावर मावणारी ही तोफ दिसते अगदी आईसारखी, वागते मात्र वेगळी, कारण हवा लहान होत नाही. गोळ्याचं वजन २१६ पटीने घटलं तरी हवेला अडणारा त्याचा दर्शनी भाग ३६ पटीनेच घटतो. त्यामुळे तेवढ्याच अंतरात छोटा गोळा सहापट वेगाने दमतो. हवा गोळीला इतकी अडवते हे मुळात फारसं कुणी मानायलाच तयार नव्हतं. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली लाकडी लोलकावर गोळ्या मारल्या, लोलक किती झुलतो त्यावरून वेग काढला आणि सगळ्यांना चकित केलं. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनियर होऊन आपल्याकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

छोट्या उखळी तोफांचा प्रकार तर फारच लोभस. मेनो व्हान कूहोर्न या डच इंजिनियरने १६७४ मध्ये ग्रावच्या वेढ्यात चार माणसांना उचलता येईल अशी आखूड उखळी तोफ वापरली. तिचं नाव आजही त्याच्यावरूनच चालतं. अमेरिकन हौशी लोक तिच्या धाकट्या बहिणी घडवतात आणि त्यांत गोल्फचा चेंडू घालतात. कल्पना बावळट वाटते, पण आहे चोख. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमाने ठरलेला आहे, ४२.६७ मिलिमीटरहून कमी चालत नाही. त्यामुळे सगळे चेंडू एकसारखे आणि हवे तितके स्वस्त मिळतात. उखळीचं तोंड आकाशाकडे ठरलेल्या कोनात, अंतर ठरतं ते फक्त दारूच्या मापावर. सामन्यात दूर एक खुंटा रोवतात आणि गोळा त्याच्या किती जवळ पडला ते मोजतात. बार होतो, धुराचा लोट उठतो, आणि गोळा चक्क डोळ्यांनी दिसतो: वर चढतो, शिखरावर क्षणभर रेंगाळतो, मग उतरू लागतो. गॅलिलिओचा परवलय शाळेत फळ्यावर काढतात तो हाच.

काही छोट्या तोफांना तर गोळाच नसतो. पॅरिसच्या पाले रोयाल बागेत १७८६ साली एक लहानशी तोफ बसवली गेली. तिच्यावर एक भिंग असं लावलेलं, की भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावरच्या रेषेत आला की त्याचा झोत तोफेच्या कानावर पडावा. रंजक पेटे, बार होई आणि पॅरिसकर आपापली घड्याळं लावून घेत. त्या दिवशी ढग असले तर तोफ गप्प. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या टेकडीवरून अठरा पौंडी तोफेने काळ्या दारूचा दुपारचा बार रविवार आणि सुट्ट्या सोडून आजही रोज होतो. बंदरातले जुने खलाशी त्याचा आवाज कानाने टिपत नसत, धूर डोळ्याने टिपत. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात आणि घड्याळात तेवढी चूक राहिली तर समुद्रात जहाजाची जागाच चुकते. शिडाच्या नौकांच्या शर्यती सोडायला वापरतात त्या तोफाही अशाच. विंचेस्टर कंपनीने १९०३ पासून कित्येक दशकं त्या बनवल्या. शर्यतीचा नियम आजही सांगतो की वेळ दिसणाऱ्या खुणेवरून धरायची, ऐकू येणाऱ्या बारावरून नाही.

एवढं कौतुक केल्यावर हेही बजावायला हवं की ही वस्तू माणूस मारण्यासाठीच जन्मली आणि चुकीला माफ करत नाही. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स तोफांचा भारी शौकीन. १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात तो कौतुकाने तोफेजवळ उभा राहिला, तोफ फुटली आणि राजा तिथेच गेला. अमेरिकेत डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी द्यू पाँ घराण्याच्या दारूच्या गिरण्या होत्या. त्या आजही पाहता येतात. त्यांच्या तीन भिंती दगडी, जाडजूड, नदीकडची बाजू मुद्दाम कच्ची. स्फोट झालाच तर तो नदीकडे जावा. १८०२ ते १९२१ या काळात तिथे दोनशेहून अधिक माणसं मेली.

म्हणूनच तोफेभोवतीची कवायत मंत्रासारखी पाळतात. बार झाला की आधी पिळदार काटा फिरवून आतली जळकी चिंधी काढायची, मग ओला बोळा, मग कोरडा. हे चालू असताना एक जण चामड्याची टोपी घातलेला अंगठा तोफेच्या कानावर दाबून धरतो. दांडा आत-बाहेर होताना कानातून वारा शिरला तर दडलेला निखारा फुलेल, तो फुलू नये म्हणून. दारूची थैली ठासणारा दांड्याभोवती मूठ वळत नाही. अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवतो. आत अवचित बार झालाच तर दांडा निघून जावा, हात जाऊ नये. आणि काळ्या दारूच्या बंदुकीत धूररहित दारू कधी, कुणी, चुकूनही घालत नाही. तिचा दाब ही नळी सोसूच शकत नाही.

अमेरिकेत १९६८ चा कायदा १८९८ पर्यंतच्या बंदुकांना आणि त्यांच्या ठासणीच्या प्रतिकृतींना वेगळं मानतो, म्हणून तिथे हा छंद फोफावला. आपल्याकडे तसं नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १८८४ चा स्फोटक कायदा आडवे येतात, आणि योग्यच येतात. घरी दारू करून पाहणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात बोटं आणि डोळे जातात. तो विचार मनातही आणू नका.

पण तोफा तर आपल्याकडे किल्ल्याकिल्ल्यांवर आहेत. पुढच्या वेळी गडावर गेलात की तोफेवर मुलाला बसवून फोटो काढू नका. तिच्या मागच्या अंगाला जा आणि कान शोधा. तो मोकळा आहे की खिळा ठोकून बुजवलेला, ते पाहा. शत्रूच्या हाती गेलेली तोफ अशीच मुकी करत. कानाभोवतीचा धातू झिजलेला असला तर तिथून पुष्कळ जाळ गेला आहे असं समजा. मग पुढे येऊन तोंडात डोकवा. आत पाण्याच्या बाटल्या आणि दगड कोंबलेले असतील तर ते बाहेर काढा आणि बाटल्या गडाखाली घेऊन या.